सातवी बैठक

६ ऑक्टोबर, ट्रॉय, मिशिगन
दोन आठवड्यांचं काम, तेही माझ्या आवडीचं! आईची मैत्रीण नीलांबरीकाकू, रिटायर्ड डॉक्टर. त्यांनी बेसमेंटची खोली दिलीय, वर गरम वरणभात.

काम आहे एका पडक्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या खाजगी चर्चच्या, मोजमापाचं. पंधराव्या शतकात फ्रान्समधल्या एका घराण्याने स्वतःपुरतं बांधलेलं. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका कारखानदाराने दगडांवर नंबर घालून ते बोटीने आणलं आणि पुन्हा रचलं. हौसेला मोल नाही! पुढे आगीत छप्पर गेलं, कमानी तेवढ्या उरल्या. उत्तरेच्या भिंतीत दगडी बाक आहे, घरच्यांसाठी. सहा बैठकांवर नावं, आणि बसून बसून पडलेले खळगे. सातवी कोरी, सपाट. निघताना तिच्यावर क्षणभर टेकले. देवाच्या दारातून न टेकता निघायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मग देव कुणाचा का असेना.

अठराला शंतनू येतोय, भारतातून थेट इथेच. दोन वर्षं व्हिसासाठी ताटकळला बिचारा माझा नवरा, आणि दोन वर्षं मी जर्सी सिटीत भिंतींशी बोलतेय.

९ ऑक्टोबर
दिवसभर इथे चिटपाखरू नसतं. निघताना रोज टेकते. आज सातव्या बैठकीत नऊ मिलिमीटरचा खळगा निघाला. मोजणीचा स्कॅनर बिघडला म्हणावं, तर हाताने मोजूनही तेवढाच.

१३ ऑक्टोबर
खळगा चाळीस मिलिमीटर. अगदी माझ्या मापाचा. शेजारची बैठक कोमट होती, कुणी आत्ताच उठल्यासारखी. घाबरायला हवं होतं. खरं सांगते, बरं वाटलं. दोन वर्षांत शेजारी कुणी बसलंच नव्हतं.

१५ ऑक्टोबर
काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, कॅन्सल कर ते काम, एकटं राहून असं होतं, वीकेंडला सगळ्यांना पॉटलकला बोलावते, एकेक पदार्थ आणतील, गप्पा होतील. मी हो म्हटलं. आणि दुपारी चॅपलमध्येच होते. ड्राइव्ह केल्याचं आठवत नाही.

१७ ऑक्टोबर
सातवीवर माझं नाव आलंय. कोरीव, जुनं, शेवाळलेलं. वैदेही. चारदा वाचलं.
उठले कशीबशी. पाय जड —

१८ ऑक्टोबर
पुन्हा सातवीवर. कशी आले, आठवत नाही. उठता येत नाही. कमरेखाली गार, दगड —
फोन वाजून बंद झाला. हात पोचत नाही. काकूंनी शंतनूला इथला पत्ता दिला असणार.
बाकाला आठवी बैठक आहे. माझ्या शेजारी. काल नव्हती —
गाडी थांबली. तोच. दारात बूट काढतोय. हसतोय.
आवाज फुटत नाही. मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, बसू नकोस. तो वाचतच नाही, माझ्याकडेच बघतोय —
शंतनू, शेजारी नको. समोर. समोर उभा राहा, सम