पूर्वपक्ष दत्तोपंतांचा

नांदेड, माघ शु. ९, शके १८६२
आज धर्मलोप झाला! मी पाठवलेल्या मजकुरातला ‘वितंडा’ हा शब्द साप्ताहिकानं ‘वितांडा’ असा छापला. बिलोलीच्या वाचकांना वाटणार, कुठंतरी नवा तांडा वसला. बातमीदारानं तोंड कुठं लपवावं?

माघ शु. ११
वाचनालयात दत्तोपंतांचं व्याख्यान— तत्त्वविचाराचा इतिहास. पाठशाळेत माझ्या शेजारी बसून न्यायशास्त्र घोकलेला माणूस. आता शाळामास्तर झालाय, आणि म्हणतो, युक्तिवाद खरा की खोटा ते मागाहून पाहू. बोलणारा कुणाच्या पंगतीत जेवत होता ते आधी पाहू. म्हणजे आता सूत्रकारांची खरकटी हुंगायची! शिवाय तासभर नुसता चाचरला. एक वाक्य धड नाही.

उठून विचारलं, “पंत, हे तुम्ही कुणाचं खाऊन बोलून राहिलात?”

“सरकारी शाळेचं, शास्त्रीबुवा. म्हणून तर चाचरून राहिलो.”

लोक हसले. माझ्यावर!

माघ शु. १२
खंडन लिहिलं. रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष— प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला जमलं नसतं इतकं बळकट करून मांडायचं, मग पाडायचं. पंतांच्या घशात अडकलेलं मीच बाहेर काढलं: ‘राजा ईश्वराचा अंश, हा विचार पहिल्यांदा राजाच्याच मुदपाकखान्यात शिजला.’ झकास उतरलं. पुढं उत्तरपक्षात त्याच्या चिंध्या केल्या. टपालात टाकलं.

माघ व. ४
अंक आला. जागा पुरली नाही म्हणे— छापला फक्त पूर्वपक्ष. खाली ‘अपूर्ण’. वर ‘दत्तोपंत म्हणतात’ मात्र शाबूत.

माघ व. ५
पंतांना ठाण्यात नेलं.

पंतांच्या घरून प्रेमलावहिनी आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. त्यांच्याकडून कळलं— ठाण्याच्या फौजदारानं, अमीनसाहेबांनी, ते वाक्य उर्दूत करवून वाचून दाखवलं, तुमचंच का म्हणून विचारलं. पंत म्हणाले, हाव, माझंच.

“भाऊजी, त्यांचं नव्हतं ना ते? काल अंक वाचून हसत होते. म्हणाले, इतकं चांगलं मला कुठं बोलता येतं.”

मी म्हटलं, शास्त्रात तशी रीत असते, वहिनी.

“मग ती रीत ठाण्यात जाऊन सांगा की.”

माघ व. ६
ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलो. परत आलो.

माघ व. ७
उत्तरपक्ष पुन्हा वाचला. लुळा वाटला.

ठाण्यात एवढंच सांगायचंय— वाक्य माझं आहे. मी ते सांगेन, याची मला खात्री नाही.