दादाचे कान

प्रिय वहिनी,

पाकीट बघून तुला हसू येईल. रविवारी फोनवर तासभर बोललो, आणि आज ही पत्र काय लिहितेय, असं म्हणशील. पण काही गोष्टी बोलायला गेलं की माझी जीभ भलतीकडेच वळते, आणि बोलणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. बसस्थानकाच्या या काचेच्या खोलीत मी एकटीच आहे. साडेतीनपर्यंत दोनच गाड्यांची घोषणा करायची आहे. मध्येच अक्षर वाकडं झालं तर समज, मी माइककडे वळले होते.

आधी एक कबूल करून टाकते. तू मला कधी आवडली नाहीस. तुझ्यात खोट काढायला मी पुष्कळ धडपडले, ती सापडेना म्हणून जास्तच राग आला. तुमच्या लग्नात तू दिलेल्या शालीची मी अजून घडी मोडलेली नाही. शेजारणीला सांगते, फार उबदार आहे, इथे कुठे एवढी थंडी पडते! खरं कारण एवढंच, की ती तू दिलीस.

तू यायच्या आधी दादाचे कान मी होते. तो तिसरीत नापास झाला आणि माझ्या वर्गात आला. बाईंनी त्याला माझ्याच बाकावर बसवलं. ‘सात’ म्हटलं की त्याला ‘हात’ ऐकू यायचं, आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या की काहीच नाही. मग मी त्याच्याकडे वळून, ओठ नीट हलवून सगळं पुन्हा सांगायचे. शिक्षक, शेजारी, दुकानदार, सगळ्यांचं बोलणं माझ्या तोंडून त्याच्यापर्यंत जायचं. जाताना थोडी काटछाटही व्हायची. कुणी त्याला ढ म्हटलं तर ते मी पोचवत नसे. आणि कुणी कौतुक केलं तर, खरं सांगते, तेही अर्धंच पोचायचं. तो मला भोंगा म्हणायचा. गल्लीतल्या पोरांना त्याच्याशी काही बोलायचं असलं की ती आधी माझ्याकडे यायची. बाबा लवकर गेले, आई कपडे धुण्याच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करून सोललेले हात घेऊन घरी यायची. दादा नसता तर त्या घरात मला कुणी विचारलं असतं?

मग पाच वर्षांपूर्वी ते पँटचं प्रकरण झालं. गिऱ्हाईक म्हणालं सहा सेंटिमीटर कमी करा, दादानं ऐकलं दहा, आणि नव्याकोऱ्या पँटची पाऊण पँट झाली. शिवणाच्या दुकानाचा मालक म्हणाला, ‘मास्तर, तुमच्या हातात जादू आहे, पण आधी कान तपासून या.’ तुझ्या कान तपासायच्या दवाखान्यात मी त्याच्यासोबत आले होते. तू पांढरा कोट घालून दारात उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, ‘तुम्ही बाहेर बसा हं, त्यांचं त्यांना सांगू दे.’ त्यांचं त्यांना! वहिनी, त्या बाकावर मी पाऊण तास बसले होते. दादाच्या कानांबद्दल कुणीतरी माझ्यावाचून त्याच्याशी बोलत होतं. आत तो मोठ्यानं हसला. कशाला हसला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रक्ताच्या जनुकीय तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी मात्र मला आत बोलावलंस. कागदावर शंखासारखी नळी काढलीस, तिच्यात केसांसारखे तुरे असलेल्या पेशींच्या रांगा काढल्यास. म्हणालीस, बाहेरच्या रांगांतल्या पेशींच्या भिंतीत एक प्रथिन असतं, ते मोटरसारखं काम करतं. आवाज आला की ते आकार बदलतं, आणि त्याच्यासोबत अख्खी पेशी आखडते, लांबते, सेकंदाला हजारो वेळा. त्या हलण्यानं बारीक आवाजाला जोर मिळतो आणि आतल्या रांगेतल्या पेशींना तो कळतो. दादाच्या शरीरात ते प्रथिनच जन्मापासून धड बनत नाही. पेशी आहेत, पण त्या नाचत नाहीत. मोठं बोललेलं कसंबसं पोचतं, हळू बोललेलं वाटेतच विरतं. मी तुझ्याकडे बघून मान डोलवत होते आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. दादा मात्र पटकन म्हणाला, ‘म्हणजे माझं इलॅस्टिक गेलंय.’ तू इतकी हसलीस की तुझ्या हातातलं पेन पडलं. ते उचलायला तुम्ही दोघं एकदमच वाकलात. मला त्या क्षणी कळलं. तुम्हाला कळायला पुढे सहा महिने लागले.

मग तू हौसेनं माझाही कान तपासलास. बारीक रबरी बोंड कानात घालून म्हणालीस, चांगला कान नुसता ऐकत नाही, त्या पेशी हलल्या की तोही बारीकसा आवाज करतो, हे यंत्र तो टिपतं. माझ्या आलेखावर उभे डोंगर. दादाचा आलेख सपाट. ‘छान आहेत तुमचे कान,’ तू म्हणालीस. आणि तुझा हात त्याच्या खांद्यावर होता. असले डोंगर घेऊन मी काय करू?

दादाच्या कानाला मशीन बसल्यावर पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आले, तेव्हा सवयीनं त्याच्यासमोर तोंड नेऊन एकेक शब्द तोडत बोलले. तो म्हणाला, ‘अगं, ओरडतेस काय, येतंय ऐकू.’ सगळे हसले, मीही हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. पुढे तूच सांगितलंस, की तो एकदा गाडी सोडून स्थानकावर अर्धा तास नुसता माझ्या घोषणा ऐकत उभा होता, आणि घरी येऊन म्हणाला, ‘हिचा आवाज किती गोड आहे, मला माहीतच नव्हतं.’ तू ते माझ्या आनंदासाठी सांगितलंस. मला मात्र एवढंच लागलं, की हे तो तुला म्हणाला, मला नाही.

आता मुद्द्यावर येते. रविवारी तू फोनवर रडलीस. दादानं कापायच्या टेबलावरचा आईचा फोटो काढून कपाटात उलटा ठेवला म्हणालीस. त्याला आठवलंय, पाचवीत असताना शाळेत डॉक्टर आले होते, कान तपासून त्यांनी चिठ्ठी दिली होती. ‘आईला माहीत होतं,’ तो म्हणतो. ‘तिला माझी लाज वाटली असेल. मी तीस वर्षं ढ म्हणून काढली.’ आणि मी तुला काय म्हटलं? ‘जाऊ दे वहिनी, आईला तरी कुठे वेळ होता.’ वहिनी, ती चिठ्ठी आईनं कधी पाहिलीच नाही. दादा वस्तू हरवतो म्हणून डॉक्टरांबरोबरच्या बाईंनी ती माझ्याकडे दिली होती. मोठ्या दवाखान्यात न्या, मशीन लागेल, असं तिच्यावर लिहिलं होतं. त्या बाई माझा गाल ओढून म्हणाल्या, ‘याला मशीन बसलं की तुझी सुटका.’ मला सुटका नको होती. शाळेच्या कोपऱ्यावरच्या गटारापाशी मी चिठ्ठीचे तुकडे केले. संध्याकाळी आईनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, ‘कान ठीक आहेत, तो लक्ष देत नाही एवढंच.’ आईनं त्याला एक थप्पड मारली. तिनं त्याच्यावर हात उगारलेला मी तेवढा एकदाच पाहिला, आणि त्याच्याशेजारी उभी राहून गप्प बसले. मी दहा वर्षांची होते असं तू म्हणशील, तुझा स्वभावच तसा. पण दहाची झाल्यावर मी वीसची झाले, तीसची झाले, आई जाताना तिच्या उशाशी बसले, तेव्हाही बोलले नाही. तर हे पत्र दादाला दे. मी तुला लिहिलं, कारण त्याला लिहायला बसले की पहिल्या ओळीच्या पुढे हात जाईना. आईचा फोटो हे वाचल्या वाचल्या जागेवर लावा. येत्या रविवारी सकाळी मी येते. त्यानं दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. उघडलं तर त्याला काय बोलायचंय ते बोलू दे, मी मध्ये एक शब्द काढणार नाही.

तुझीच,
नणंद