आंटींना सांगितलेला शेवट

आई,

तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी तुला पत्र लिहायला बसले आहे ते सिनेमाबद्दल. "दुसरी कामं नाहीत वाटतं?" असं तू विचारलं असतंस. आहेत की. कणीक भिजवायची आहे, गॅसवाल्याला फोन करायचाय. पण गेला महिनाभर एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय आणि त्याचं उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडेच नाही.

आधी इथलं सांगते. मी आता नोएडात राहते, विम्याच्या ऑफिसातून रिटायर झाले, आणि इथल्या मराठी मंडळींचा फोनवर एक ग्रुप आहे. दर शुक्रवारी मी त्यावर लिहिते: कुठला मराठी सिनेमा आलाय, कुठं बघायचा, आणि मुळात बघायचा की नाही. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, आपणहून गळ्यात घेतलं. आजकाल सिनेमा बघायचा म्हणजे आधी तो शोधायचा. थिएटरात आला तर सगळ्या दिल्लीत मिळून एखाद-दुसऱ्या पडद्यावर, तोही रविवारी सकाळी पावणेदहाला, जेव्हा आपल्या लोकांच्या आंघोळीसुद्धा झालेल्या नसतात. पुरेशी माणसं जमली नाहीत तर शो रद्द. म्हणून मी बुधवारपासूनच एकेकाच्या मागे लागते, लग्नाचं आमंत्रण असल्यासारखी. थिएटरात नाही आला तर दोन महिन्यांनी कुठल्यातरी ॲपवर येतो. एक ॲप मुलाच्या नावावर आहे, एक भाच्याच्या, आणि एकाचा पासवर्ड कुणाचा आहे हे आता कुणालाच आठवत नाही, पण चालतंय.

गेल्या काही महिन्यांतलं सांगू? एक लढाईचा आला होता. त्यासाठी आम्ही बत्तीस जण जमलो. मोठ्या पडद्यावरच बघावा असा आहे, पण कानात कापूस घालून. सारखी तलवार आणि सारखं भाषण. आपण पानिपतला काला अंबचं लढाईचं स्मारक बघायला गेलो होतो तेव्हा तू त्या चौथऱ्यापाशी किती वेळ नुसती उभी होतीस, एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, त्या दिग्दर्शकाला तुझ्याशेजारी पाच मिनिटं उभं करायला हवं होतं. दुसरा तीन बहिणींचा, ॲपवर आहे, छान आहे, फक्त तिघी भांडताना इतक्या नीट साड्या नेसून का बसतात ते कळलं नाही. एक भुताचा होता, त्याच्याबद्दल मी लिहिलं की भाजी निवडत बघा, भूत आलं की आवाज होतोच, तेव्हा मान वर करा. या वाक्यावर ग्रुपवर फार हसले लोक. सिनेमाबद्दल एखादं वाक्य नेमकं जमलं की मला दिवसभर बरं वाटतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपल्या समोरच्या दारात राहायच्या त्या पंजाबी आंटी आठवतात ना? आठवतील, तुझा अर्धा दिवस त्यांच्या दारात जायचा. त्या आता त्र्याऐंशीच्या आहेत आणि मुलाबरोबर आमच्याच सोसायटीत, शेजारच्या टॉवरमध्ये राहायला आल्या आहेत. दर शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते आणि त्यांच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर आम्ही मराठी सिनेमा बघतो. मराठीच हवा असतो त्यांना. हिंदी लावू का विचारलं तर म्हणतात, "हिंदी तो समझ आ जाती है, उसमें क्या मज़ा?" खाली अक्षरं येतात ती त्यांना चालत नाहीत. "पढ़ूँ कि देखूँ? तू बोल न, जैसे तेरी माँ बोलती थी." मग मी बोलते. पण माझं काही त्यांना पसंत पडत नाही. "तू तो ख़बरें पढ़ती है, बेटे," असं म्हणाल्या परवा.

तेव्हाच्या मराठी मंडळाच्या हॉलमधले ते रविवार माझ्या डोळ्यांसमोर आहेत. महिन्यातून एकदा पडदा लावून सिनेमा. लोखंडी खुर्च्या, मधेच रीळ बदलायला दिवे लागायचे आणि लोक पटकन डबे उघडून चिवडा खायचे. मधे तू बसलेली, तुझ्या उजव्या हाताला आंटी, डाव्या हाताला मी. आंटींच्या सासूला तू काहीतरी पूजा असल्याचं सांगून त्यांना घेऊन यायचीस. सिनेमा सुरू झाला की तू उजवीकडे वळायचीस ती वळायचीसच. मला पडदा दिसायचा आणि तुझा अंबाडा. तू आंटींच्या कानात सतत कुजबुजत असायचीस, आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "अहो वहिनी, समालोचन पुरे!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा बसस्टॉपवर मी तुला म्हटलंसुद्धा की आंटींना आणू नकोस. तू माझ्या हाताला असा चिमटा काढलास की तो चार दिवस निळा होता. "तुला कळतं ना मराठी? मग तू गप्प बघ," एवढंच म्हणालीस.

तर गेल्या महिन्यात ग्रुपवर कळलं की तेव्हा हॉलमध्ये पाहिलेला एक जुना सिनेमा नव्यानं साफ करून ॲपवर आलाय. तालुक्याच्या गावातली सून, तिला शाळेत शिकवायची नोकरी लागते, घरचे नको म्हणतात. मी आंटींना नुसती गोष्ट सांगायला सुरुवात केली तर त्या उठून बसल्या. "वो चिट्ठीवाली? वो तो मेरी पिक्चर है!" आणि त्यांनीच मला शेवट सांगितला. सून नेमणुकीचा कागद घेऊन सासूसमोर उभी राहते आणि म्हणते, मी सोमवारपासून जाणार. सासू तिच्याकडे बघते आणि म्हणते, मग आधी देवासमोर ठेव. आणि सासू स्वतःच कागद घेऊन देव्हाऱ्यात ठेवते.

मी म्हटलं, "हाँ आंटी." पण मला तो शेवट असा आठवत नव्हता. घरी आले, आमटी अर्धवट टाकली आणि टॅबवर शेवटची दहा मिनिटं लावली. आई, ती असं काहीच म्हणत नाही. ती म्हणते, "हा कागद तुमच्यापाशीच असू द्या. मला आता तो नको." सासू म्हणते, "शहाणी माझी पोर ती." आणि कागद देवांच्या पाटाखाली सारते. संपला सिनेमा. चित्र तेच, हात तोच, देव्हारा तोच, आणि बोलणं अगदी उलटं. मी तीन वेळा मागे नेऊन पाहिलं.

आपल्यात 'ध' चा 'मा' केलेला सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथं जीव गेला. तू 'ध' चा 'मा' केलास त्यानं काय झालं ते आंटींनी पुढच्या शनिवारी सांगितलं. तेव्हा त्यांच्याकडेही एक कागद होता, मुलींच्या शिवणशाळेत शिकवण्याच्या नोकरीचा. आठ दिवस तो आट्याच्या डब्यात लपवलेला होता. "तेरी माँ को ही दिखाई थी मैंने, और किसी को नहीं." सिनेमा बघून घरी गेल्या, डब्यातून कागद काढला, झटकला, आणि सासूच्या डोळ्यांदेखत घरातल्या ठाकुरजींसमोर ठेवून म्हणाल्या, सोमवारपासून जायचंय. देवासमोरचा कागद उचलून फाडायची सासूची हिंमत झाली नाही. तीस वर्षं शिकवलं त्यांनी. अजून त्यांच्या हातच्या मुली, म्हणजे आता आज्याच, दिवाळीला येतात. आणि हे सगळं आंटी त्या सिनेमाच्या नावावर मांडतात. "जब वो गाँव की लड़की बोल सकती है, तो मैं दिल्ली में बैठके क्यों नहीं?"

म्हणजे तू ठरवून केलंस. मला आधी हसू आलं. मग वाटलं, आणखी कुठं कुठं केलंस? त्या विहिरीच्या सिनेमात, त्या दोन भावांच्या सिनेमात आंटी काय बघून आल्या? मी त्यांना एकेक विचारत गेले, त्या सांगत गेल्या, आणि निम्म्या सिनेमांमधल्या बायका आंटींच्या आठवणीत धडधाकट निघाल्या. मी पाहिल्या त्या सगळ्या पदर तोंडाला लावून रडत होत्या.

आणि मग मेथी आठवली. मी तेवीस वर्षांची आहे, तू स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडते आहेस, आणि माझ्या हातात मुंबईच्या साप्ताहिकाचं पत्र आहे. सिनेमावर लिहायची नोकरी. मी दोनदा वाचून दाखवते. तू वर न बघता म्हणतेस, "परक्या गावात एकटीनं राहून सिनेमे बघणार? बाबांना काय सांगू मी? लोक काय म्हणतील? घडी घालून ठेव तो कागद." मी घडी घालून ठेवला. विम्याची परीक्षा दिली, पास झाले. पुढचं आयुष्य काही वाईट गेलं नाही. नवरा भला आहे, मुलगा वेळेवर फोन करतो. मी तक्रार करायला बसलेली नाही. मला फक्त कळून घ्यायचंय. आठ दिवस आट्यात पडलेल्या कागदासाठी तुला युक्ती सुचली, आणि माझ्या कागदासाठी मेथीच्या जुडीवरून मान वर झाली नाही, असं का?

मी बरीच उत्तरं करून पाहिली. आंटी शेजारच्या, मी पोटची. शेजारणीला धाडस सांगायला काय जातं, निस्तरायचं तिला. हे उत्तर मला पटत नाही, तू तशी नव्हतीस. मग वाटलं, भाषेचं असेल. मराठीत तू कुणाची तरी सून होतीस, मंडळातल्या वहिनी होतीस, मराठीत तुला लोक काय म्हणतील ते आधी ऐकू यायचं. हिंदीत तुझं व्याकरण धड नव्हतं, पण तुझ्यावर नजर ठेवणारंही कुणी नव्हतं. मीसुद्धा बिल्डरशी भांडायचं झालं की हिंदीत भांडते आणि जिंकते. मराठीत मला लगेच वाईट वाटायला लागतं. की उत्तर याहून साधं आहे? माझ्या वेळेपर्यंत तू दमली होतीस? बाबांचं तेव्हा दुखणं सुरू झालं होतं, हेही आहेच. यातलं खरं कुठलं ते तूच सांगू शकली असतीस, आणि मी विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही असतंस. तू होतीस तोवर मला विचारायचं आहे हेच मला माहीत नव्हतं.

गेल्या शनिवारी आंटींना तो सिनेमा बघायचाच होता. इस्त्रीचा सूट घालून, केस विंचरून बसल्या होत्या, सुनेला सांगून फोन बंद करून ठेवलेला. मी दोन दिवस विचार करत होते. सांगावं का? त्र्याऐंशीव्या वर्षी कुणाला सांगायचं की तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाऊल तुम्ही एका न बोललेल्या वाक्यावर टाकलंत? पण खोटं तरी कसं बोलायचं, आणि अक्षरं चालू राहिली तर त्या वाचतील. चष्मा लावला की त्यांना ठळक हिंदी वाचता येतं. मी रिमोट घेतला आणि अक्षरं बंद केली. आंटी खुश झाल्या.

दोन तास मी नेहमीसारख्या बातम्या दिल्या. मग तो शेवट आला. सून उभी राहते, कागद पुढे करते, तोंड उघडते. आंटींनी माझा हात धरला. त्यांना पाठ होतं, तरी विचारलं, "क्या बोली?" मी थांबले. पडद्यावर सासूसुद्धा बोलून गेली. आंटींनी हात हलवला. मग मी म्हटलं, "वो बोलती है, सोमवार से मैं जाएगी." माझं सगळं शिक्षण दिल्लीत झालंय, 'जाऊँगी' मला झोपेतही म्हणता येतं, पण तोंडातून तुझी हिंदी आली. "और सास?" "सास बोलती है, पहले भगवान के सामने रख." आंटींनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अब बोली तू अपनी माँ जैसी."

ग्रुपवर मी लिहिलं आहे की सिनेमा ॲपवर आहे, मधला भाग लांबलाय, पण जरूर बघा. शेवटाबद्दल काही लिहिलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकलं तरी तू उत्तरादाखल चिमटाच काढशील. पण एक कबूल करते. आंटींनी विचारलं तेव्हा मी थांबले ते वाक्य आठवण्यासाठी नव्हतं. त्या क्षणी मला खरं सांगून टाकायचं होतं. मुलगी मी, आणि तुझं ते वाक्य मिळालं त्यांना. मला मराठी येत होतं एवढ्यासाठी मला सिनेमा होता तसाच मिळाला. हेवा वाटला मला, आई. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईचा.