टाकीची चीर

वरसे, रोहा
३ फेब्रुवारी १९९६
ती. कमळाकरदादास,
सरूचा शि. सा. न. वि. वि.

माझी मोपेड बसली रे! पेट्रोलची टाकी प्लास्टिकची, ती बुडाला चिरली. नवीन टाकी मुंबईहून यायला महिना लागेल. एस.टी.नं जावं तर खांबला पोचेपर्यंत माझी बालवाडी सुटते. मोठ्या बाईंनी सोळा दिवस दिलेत, नाहीतर माझ्या जागी दुसरी येईल.

हे कंपनीत शिफ्टवर. मामंजी मात्र टाकी पुढ्यात घेऊन चिरेवर साबण चोळत बसतात. पुतळीवन्सं खांबच्याच हायवेवर ट्रकखाली गेल्या, तेव्हापासून ते कशात लक्षच घालत नव्हते. घरात बसून जीव घुसमटतो रे. उपाय कळव.

तुझी,
सरू

पेण
६ फेब्रुवारी
चि. सौ. सरूस,
अनेक आशीर्वाद.

एवढंच ना? आमच्या कारखान्यात गणपतीची सोंड मोडली की कापडाची पट्टी सरसात बुडवून बसवतो. तशीच बसव नि वाळव. तुझी वहिनी म्हणते, आधी टाकीची पूजा कर.

मामंजींना नमस्कार.
दादा

वरसे
१० फेब्रुवारी
ती. दादास,
सा. न.

धन्य तुझी! पट्टी पापडासारखी सुटून हातात आली. गणपतीच्या पोटात कधी पेट्रोल भरतात का रे? त्यात शेजारी दुसरी चीर दिसली. मामंजी म्हणाले, राहू दे गो, घरात तुला काय कमी हाय. मला रडूच आलं.

टाकी पेणच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ देतेय. एकोणीसला, सोमवारी, बाईंची मुदत संपते, विसरू नकोस.
सरू

पेण
१६ फेब्रुवारी
चि. सरूस,
आशीर्वाद.

टाकी साबणाच्या पाण्यानं धुतली, वास जाईपर्यंत उन्हात ठेवली. मग तसल्याच प्लास्टिकच्या कॅनची पट्टी तापल्या पत्र्यानं वितळवून आत मुरवली. दिवसभर पाणी भरून टांगली, थेंब नाही. त्याच कंडक्टरबरोबर पाठवतोय.

पण सरू, टाकी आपोआप चिरलेली नाही. दोन्ही चिरा बाहेरून, धारेनं मारलेल्या आहेत. माझा हात कारागिराचा आहे, मी चुकत नाही. टाकी दिवसभर कोणाजवळ असायची?

जपून राहा.
दादा

वरसे
२४ फेब्रुवारी
ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठले. मामंजींना सरळ विचारलं. ते खोटं बोलले नाहीत. कोयत्याच्या टोकानं केलं म्हणाले. एक पोर त्या रस्त्यानं खाल्ली, दुसरी द्यायची नाय, असं म्हणून ढसाढसा रडले.

संतापले मी, खूप बोलले. ते दुष्ट असते तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते रे. या मायेशी भांडू तरी कशी?

सोमवारी गाडी काढली, तर मामंजी टोपी घालून तयार. मागे बसले. ट्रक जवळून गेला की माझा खांदा आवळतात. बालवाडी सुटेपर्यंत पायरीवर बसून असतात. पोरं गाण्याला उभी राहिली तरी माझं लक्ष दाराकडे. नोकरी राहिली दादा, पण सुटले असं वाटत नाही.

काल मोठ्या बाईंनी त्यांना हसून विचारलं, आजोबा, किती दिवस येणार? तर म्हणाले, ही येते तवर.

लिहीत जा, तेवढंच मोकळं वाटतं.
तुझी,
सरू