कादंबरीतली थोरली

९ नोव्हेंबर २००३

आमच्या धाकटीचं, प्रज्ञाचं पुस्तक आलं! पार्सल वडलांच्या, म्हणजे दादांच्या नावावर, पण फोडलं मीच. हात लावायच्या आधी बोटं पदराला पुसली. अवसरीतल्या आमच्या पोरीचं नाव, छापलेलं!

मागच्या बाजूला लिहिलंय – एका तरुण मुलीच्या मनाच्या आजाराची कादंबरी. म्हणजे तिचीच गोष्ट. नऊ वर्षं झाली त्याला. एकोणीस वर्षांची होती, मंचरच्या कॉलेजात. आधी जेवण बंद, मग बोलणं बंद, मग भिंतीशी बोलणं. आणि आता पुण्यात नोकरी करते, गोळी एकच उरलीय, पुस्तक लिहिते!

आई असती तर गावभर पेढे वाटले असते तिनं. मी वाटले, आमच्या आळीपुरते.

१० नोव्हेंबर

अंगणवाडीतून आल्यावर तीस पानं वाचली. मुलीचं नाव कावेरी. तिच्या मोठ्या बहिणीला नावच नाही. नुसतं ‘थोरली’.

११ नोव्हेंबर

थोरली कावेरीच्या वह्या चुलीत घालते. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत कोंडते. तिचा पाय लुगड्यानं खाटेला बांधते – आणि हसते.

हसते!

बांधला होता. खोटं कशाला लिहू, इथं कोण वाचतंय. दोन दिवस बांधला. आदल्या दिवशी ती मंचरच्या रस्त्यावर ट्रकपुढं जाऊन उभी राहिली होती. आई-दादा कांदा काढायला गेलेले, घरात मी एकटी. बांधून उंबऱ्यात बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. ते कुठंय पुस्तकात?

आणि वह्या मी नाही जाळल्या. तिनं जाळल्या. मी चुलीत हात घालून काढायला गेले. मनगटावर डाग आहे अजून.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस हात लावला नव्हता. आज परत घेतलं.

कावेरीला पुण्याच्या दवाखान्यात कोण नेतं? तिचे वडील! दर महिन्याला, चार वर्षं. पहाटेची एसटी. तिला गाडी लागते तर ते ओंजळ पुढं करतात. केसपेपरच्या रांगेत उभे राहतात. तिच्या तोंडाला कोरड पडते म्हणून लिंबाची फोड घेऊन जातात. डॉक्टरांना विचारतात, ‘ही परत अभ्यास करील का हो?’

तो प्रश्न माझा आहे. शब्दन् शब्द माझा. ओंजळसुद्धा माझीच. दादा एकदाही आले नव्हते. ‘माज्यानं बघवत न्हाई’ म्हणायचे आणि शेतावर निघून जायचे.

वाईट ते माझ्या नावावर घातलं, तेही गिळलं असतं मी. चांगलं केलं ते का काढून घेतलं?

१९ नोव्हेंबर

गेणू गुरुजींनी विहारात पुस्तकातलं वाचून दाखवलं. नेमकं दवाखान्याचं प्रकरण. दादा पुढं बसले होते, धुतलेली टोपी घालून. वाचून झाल्यावर लोक म्हणाले, ‘पोपटराव, बाप असावा तर असा!’ दादांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता सांगतील. नाही सांगितलं. डोळे पुसले नुसते.

मग गुरुजींनी लुगड्याचं पान वाचलं. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

२१ नोव्हेंबर

साळुबाईची नात दोन दिवस अंगणवाडीत नाही. आज घरी गेले. पोरगी दारातच खेळत होती, चांगली धडधाकट. साळुबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘राग नका मानू बाई. सून आयकत न्हाई. म्हनती, सख्ख्या भनीला बांधनारी, लेकराचं काय करंल?’

‘आणि तुमी काय म्हणता, साळुबाई?’

‘मी काय म्हननार. पुस्तकात छापून आलंय.’

दहा वर्षं तिच्या घरची पोरं माझ्या मांडीवर जेवली.

२२ नोव्हेंबर

आज सात मुलं. रोज अठरा असतात. खिचडी उरली.

२३ नोव्हेंबर

दुकानातल्या कॉइन बॉक्सवरून प्रज्ञाला फोन केला. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवून गेले होते. तिचा आवाज ऐकला आणि निम्मं विसरले.

‘ताई, अगं कादंबरी आहे ती. पात्रं असतात. थोरली म्हणजे तू नव्हेस.’

‘मग थोरलीचा बाप दादांसारखा विडी का ओढतो?’

‘विड्या काय, सगळेच ओढतात.’

‘मी हसले होते का गं, प्रज्ञा? तुला बांधताना?’

‘मला तसंच आठवतं,’ म्हणाली.

आजारी होती ती. पण आता तर बरी आहे ना! छापायच्या आधी एकदा विचारायचं होतं मला. फोन कट झाला. दुसरा रुपया हातात होता, टाकला नाही.

२६ नोव्हेंबर

शेवटाकडं आले.

थोरलीचं लग्न ठरतं. कावेरीचा मामा मुलाकडच्यांना निनावी पत्र धाडतो – थोरलीलाही तोच आजार आहे, लपवून ठेवलाय. लग्न मोडतं. थोरली जन्माची घरातच राहते.

लोणीच्या सोपानशी माझं ठरलं होतं. सुपारीसुद्धा फुटली होती. आणि एकाएकी नकार. पुढं त्याची आई मंचरच्या स्टँडवर भेटली, तर म्हणाली, ‘आमाला कळलंय समदं.’ आठ वर्षं मी समजत आले की प्रज्ञाचं कळलं असेल. पण प्रज्ञाचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! सोपान स्वतः म्हणाला होता, ‘तिलाबी आपल्याकडंच आनू. मोकळी हवा हाय.’

म्हणजे त्यांना माझं काहीतरी कळलं होतं.

आणि आम्हाला मामा नाही. आई एकुलती होती.

२७ नोव्हेंबर

परत कॉइन बॉक्सवर गेले. ‘पत्र खरं आहे का, प्रज्ञा?’

‘हो.’

‘कुणी लिहिलं?’

‘दादांनी. तू गेली असतीस तर मला कुणी बघितलं असतं, ताई? म्हणून लिहिलं. त्यांना काही बोलू नकोस. थकलेत आता.’

आणि रडायला लागली.

२८ नोव्हेंबर

दादांना जेवायला वाढलं. तोंडाकडं बघवेना. याच माणसाचे पाय रोज तेल लावून चोळते मी. ‘आज गप का गं?’ म्हणाले. मी उठून भांडी घासायला बसले. घासलेलीच परत घासली.

३० नोव्हेंबर

विचारलं शेवटी. ‘दादा, लोणीला पत्र का लिहिलंत?’

ते हसले. थट्टा वाटली त्यांना. ‘कोन, मी? अगं, सही तेवढी येती मला. तीबी तू गिरवून घेतली म्हून.’

खरंच की. आईचा तर अंगठाच होता.

या घरात लिहिता येणाऱ्या दोघीच होतो.