हरणं सांभाळ

ता. १ ऑक्टोबर, बुधवार
स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

प्रिय व्हॉनी,

तुझा गुडघा फार कुरकुरत नसेल आणि तिकडचं ऊन आता माणसाला अंगणात उभं राहू देण्याइतकं उतरलं असेल, अशी आशा करते. मी मजेत आहे. इकडे सगळे मजेत आहेत. तू शनिवारपासून फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. लहानपणीही तू रागावलीस की गोठ्यात जाऊन गायींशी बोलायचीस, माझ्याशी नाही. अ‍ॅरिझोनात तुझ्या फ्लॅटपाशी गायी नाहीत, तेव्हा कुणाशी बोलतेस कोण जाणे.

आत्ताच वादळाचा भोंगा वाजला. महिन्याचा पहिला बुधवार, दुपारचा एक, म्हणजे नेहमीची चाचणी. समोरच्या घरचा गॉर्डी शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतली पानं काढत होता, त्यानं मानसुद्धा वर केली नाही. उद्या खरंच वादळ आलं आणि नेमकं पहिल्या बुधवारी एक वाजता आलं, तर ही आख्खी गल्ली पानं गोळा करता करताच उडून जाईल.

तुझ्या घरासमोरचा मेपल यंदा लवकर लाल झाला. तुझं घर तू पा हुआला विकून चार वर्षं झाली, तरी मला ते तुझंच घर वाटतं. पा हुआसुद्धा माळ्यावर जाताना 'लाव्हॉनच्या माळ्यावर' असंच म्हणते. तिनं मागची सगळी हिरवळ खणून भाजी लावलीय, हे तुला मागे लिहिलं होतं. कोपऱ्यावरचा ड्वेन दोन वर्षं नाक मुरडत होता, "लॉन म्हणजे लॉन असतं, तिथं कोथिंबीर कशाला?" आता तिच्या काकड्या त्याच्या दारात पोचतात आणि त्याचं तत्त्वज्ञान थंडावलंय. ऑगस्टमध्ये मी मात्र गाडीला कुलूप लावायला विसरले, आणि चर्चमधून बाहेर येते तो मागच्या सीटवर बाळाएवढ्या पाच झुकिनी, कुणाच्या तरी बागेत जास्त झालेल्या! कुणी टाकल्या ते आजतागायत कबूल नाही. मला ड्वेनचाच संशय आहे.

पिवळ्या खिडक्यांच्या घरात नवं जोडपं आलंय. टेक्सासचे आहेत बिचारे. पातळ जाकिटांत हिवाळा निभेल म्हणतात. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एक बर्फाचं फावडं नेऊन दिलं, तर त्यांनी ते भिंतीवर शोभेला टांगलं. जानेवारीत खाली उतरेल.

बरं, शनिवारचं. तुझ्याकडे यायचं विमान चुकलं. फोनवर मी तुला रस्त्यावर गर्दी होती असं सांगितलं आणि तू एक अक्षर न बोलता फोन ठेवलास. तू या गल्लीत तीस वर्षं काढलीस. शनिवारी सकाळी आपल्याकडून विमानतळाच्या रस्त्याला किती गर्दी असते हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच झाली. थोडक्यात, गर्दी नव्हती.

खरं म्हणजे आम्ही रस्त्यापर्यंत पोचलोच नाही.

त्याचं असं झालं. माझ्या बॅगा गॉर्डीच्या पिकअपमध्ये चढल्या होत्या. तोच मला सोडणार होता. शाळेची बस इतकी वर्षं चालवलेला माणूस, दहा मिनिटं आधी हजर, इंजिन चालू. मी म्हटलं, जाता जाता पा हुआचा ट्रे तेवढा परत देते. जुलैपासून माझ्याकडे पडला होता. कायमचं निघालेल्या माणसानं लोकांची भांडी घरात ठेवून जाऊ नये, एवढी शिकवण आपल्या आईनं दिलीय. आणि रिकामं भांडं परत देऊ नये, हीही तिनंच दिली. म्हणून पहाटे उठून भोपळ्याच्या वड्या केल्या होत्या, वरून क्रीम चीज लावून, तुला आवडतात तशा.

पा हुआनं ट्रे घेतला आणि म्हणाली, "थांब हं मावशी, तुझंही एक भांडं आहे माझ्याकडे." मी म्हटलं, असू दे, ठेव तुला. तर ती डोळे वटारून म्हणते, "ठेव काय? आणि रिकामं देऊ काय?" आत तेल तापलेलंच होतं. बाई सगळं ठरवून बसली होती! माझं ते निळ्या फुलांचं भांडं तिनं नुकत्याच तळलेल्या एगरोलनी काठोकाठ भरून माझ्या हातात दिलं, चटके बसतील असं गरम.

आता तूच सांग, ते मी विमानात कसं नेणार? आणि परत कसं देणार? म्हणून पिकअपचा मागचा फळा खाली पाडला आणि भांडं त्यावर उघडं ठेवलं. शेजारी पा हुआनं वड्यांचा ट्रे आणून ठेवला. ड्वेन कुत्र्याला घेऊन चालला होता, तो थांबला. "मी जेवलोय," म्हणाला आणि तीन खाल्ले. टेक्सासवाले आले, त्यांना वाटलं गल्लीचा काही सण आहे. कुणीतरी घडीच्या खुर्च्या आणल्या. गॉर्डीनं घड्याळात पाहिलं, मांड्यांवर हात आपटले, "बरं मग," म्हणाला आणि जागचा हलला नाही. मीही म्हटलं, "बरं मग." पा हुआ म्हणाली, "बरं मग." टेक्सासवाला बिचारा खरंच उठून घरी निघाला, त्याला आम्ही हाताला धरून परत बसवलं. त्याला सांगितलं, पहिल्या 'बरं मग'ला उठायचं नसतं बाबा, ती निघण्याची नुसती सुरुवात असते.

मग भांड्यात एक एगरोल उरला आणि ट्रेमध्ये एक वडी. पुढचं तुला सांगायला नको. शेवटचा तुकडा घेणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचाय. ड्वेननं वडी अर्धी केली. पा हुआनं अर्ध्याची अर्धी. मी त्यातला कोपरा मोडला. चणाडाळीएवढा तुकडा उरला तरी सगळे त्याच्याकडे बघत, "घ्या की," "छे छे, तुम्ही घ्या," चाललेलं. भांडी रिकामी झाल्याशिवाय उचलता येत नव्हती, भांडी उचलल्याशिवाय फळा लावता येत नव्हता, आणि फळा लावल्याशिवाय गाडी निघत नव्हती.

मध्येच केव्हातरी गॉर्डीनं इंजिन बंद केलं. मी ते ऐकलं. किल्ली फिरवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला आणि मी खुर्ची आणखी सावलीत ओढली.

बरं, आता पुरे करते. हात दुखायला लागला आणि पोस्टमन येईल.

पण एवढं सांगून टाकते. सगळे पांगायला लागल्यावर गॉर्डी माझ्याजवळ आला. टोपी काढून हातात फिरवत उभा राहिला. मला म्हणाला, "मार्लिस, तिकडे हरणं आहेत का गं?"

मी म्हटलं, "फिनिक्समध्ये? शहरात कुठली हरणं? गाडीपुढे उडी मारणारी तर नाहीतच."

त्यानं टोपी परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "मग मी तुला काय म्हणू?"

व्हॉनी, तुला आठवतात बाबा? आपण घर सोडून निघालो की ते गोठ्याच्या दारात बूट घालून उभे राहायचे. तू लग्न होऊन निघालीस तेव्हा, मी पहिल्यांदा नोकरीला निघाले तेव्हा, आईला हॉस्पिटलात नेलं तेव्हाही. जन्मात त्यांनी कुणाला 'माझा तुझ्यावर जीव आहे' म्हटलं नाही. "हरणं सांभाळा गं," एवढंच म्हणायचे आणि आत वळायचे. माझा व्हर्न वारला त्या दिवसापासून गॉर्डी मला रोज हेच म्हणतो. दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यापर्यंत निघाले तरी. आणि मी रोज "हो हो" म्हणून निघते. त्या क्षणी मात्र मला 'हो हो' म्हणता आलं नाही. मी भर रस्त्यात रडायला लागले, आणि मग हसायलाही लागले, कारण पा हुआ धावत आली ती आणखी एगरोल घेऊन. डोक्यावरून एक विमान गेलं. गॉर्डीनं वर बघितलं. "तुझंच असावं," म्हणाला. आम्ही सगळ्यांनी त्याला हात केला. ड्वेननं सगळ्यात जोरात केला.

आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते लिहिते. मी दुसरं तिकीट काढलेलं नाही. काढणारही नाही. रविवारी बॅगा उघडल्या, स्वेटर खणात परत गेले, बर्फाचे बूट दाराशी आले. तू माझ्यासाठी शेजारचा फ्लॅट धरून ठेवलास, पडदेसुद्धा निवडलेस, निळे, कारण मला निळा आवडतो. त्या पडद्यांचं मला फार वाईट वाटतं. तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे. मागच्या फेब्रुवारीत मी बर्फावर घसरून पडले, एकटी राहते, पुढच्या वर्षी बहात्तर होईन. मी तेव्हा घाबरून तुला हो म्हटलं. पण पडले त्याचं तुला सांगताना एक गोष्ट गाळली होती. मी जमिनीला टेकायच्या आत पा हुआचा दरवाजा उघडला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारातला बर्फ मला कधी दिसलाच नाही. उठून बघावं तर साफ. अजून कुणी कबूल होत नाही.

माझा पाय निघत नाही, व्हॉनी. मला इथे आनंद होतो. नुसतं खिडकीत उभं राहून कुणाच्या गॅरेजचं दार वर गेलं ते बघण्यातही होतो. याला शहाणपण म्हणत नाहीत, माहीत आहे. पण खरं आहे.

आणि तू रागावलीयस हेही खरं, पण सगळं रागाचं नाही. तुला मी ओळखते. तू दर पत्रात तिकडच्या उन्हाचं कौतुक लिहितेस आणि शेवटी हळूच विचारतेस, 'माझा मेपल लाल झाला का?' चार वर्षांत एकदाही चुकवलं नाहीस. पोहण्याच्या तलावाबद्दल तीन पानं लिहितेस, पण त्या तलावाशी तुझ्या शेजारी कोण बसतं ते कधी लिहीत नाहीस. मी यावं असं तुला माझ्या त्या पडण्यामुळे नव्हतं वाटत. तुला करमत नाहीये. एवढं मला कळतं, मी धाकटी असले तरी.

म्हणून माझा विचार असा. व्हर्नची खोली रिकामीच आहे. खिडकीतून तुझा मेपल पूर्ण दिसतो. ते निळे पडदे फ्लॅटमधून उतरव आणि घेऊन ये, खोलीला बरोबर बसतील, मी मापं घेतलीत. बर्फ पडायच्या आत ये. आवडलं नाही तर वसंतात परत जा. तेव्हा गॉर्डी तुला विमानतळावर सोडेल, म्हणजे तू जाणारच नाहीस. तुला म्हणे डॉक्टरांनी आता कॉफी कमी करायला सांगितलंय. इथे कुणी ऐकणार नाही.

बरं मग. (मांड्यांवर हात आपटले आहेत असं समज.)

हं, राहिलंच. वडीचा तो शेवटचा तुकडा अजून ट्रेमध्ये आहे, म्हणून ट्रे परत माझ्याकडेच आलाय, वर झाकण ठेवलंय. कुणी घेत नाही. तू गल्लीबाहेरची, तुला चालेल. तू आल्याशिवाय तो ट्रे मला पा हुआला देता येणार नाही, तेव्हा फार दिवस लावू नकोस. तिला तो नाताळला लागतो.

गॉर्डी शिडीवरून उतरला. खिडकीवर टकटक करतोय. विचारतोय, "लाव्हॉन काय म्हणाली?" मी सांगितलं, अजून लिहितेच आहे. तो म्हणाला, "ती गाडीनं येईल ना? मग माझ्याकडून लिही," आणि काय लिहायचं ते न सांगताच निघून गेला.

ते त्याच्याकडून, बाबांकडून आणि माझ्याकडून:

रस्ता लांबचा आहे, व्हॉनी. हरणं सांभाळून ये.

तुझी,
मार्लिस