मी माझ्या पदावर समाधानी आहे

६ मे
आज नक्की झालं. म्हणजे व्हायचंय, पण झाल्यातच जमा. सिनेटर व्हिटकॉम्ब आमच्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या आहेत आणि उपाध्यक्षपदासाठी जोडीदार शोधतायत. शांत डोक्याने विचार केला तर माझ्याशिवाय आहे कोण? त्या समुद्रकाठच्या, मी मक्याच्या मुलखाचा गव्हर्नर. त्या शाकाहारी, माझ्यावर तसा आरोप कोणी करणार नाही. त्या अतिशय हुशार. असा सगळ्याच बाबतींत समतोल साधतो.
डोरीनला सांगितलं. म्हणाली, आधी छताच्या पन्हळीत चिमण्यांनी घरटं केलंय त्याचं बघ. बायको अठरा वर्षं शाळा मंडळाची अध्यक्ष आहे. तिला राजकारणातलं काय कळणार!

९ मे
या खेळाचा पहिला नियम: हवंय असं म्हणायचं नाही. म्हटलं की मेलात. कोणी विचारलं तर सांगायचं, मी माझ्या पदावर समाधानी आहे. आरशासमोर चाळीस वेळा म्हणून पाहिलं. एकदाही खोटं वाटलं नाही. काय गुणी माणूस आहे मी!

१४ मे
अजून कोणी विचारलं नाही.

१५ मे
इन्कार करायला आधी कोणीतरी विचारावं लागतं, इथेच घोडं अडलंय. शेवटी एका पत्रकाराला स्वतःच फोन लावला. म्हटलं, माझं नाव छापू नका, पण मक्याकडचा एक गव्हर्नर यादीत आहे. त्याने अंदाजाने सात नावं घेतली. त्यांत मी नव्हतो. आठवं मीच सुचवलं. तो म्हणाला, हे कोण?

१९ मे
छापून आलं! सतराव्या परिच्छेदात, ‘इतर’मध्ये. पण आलं! दुपारी केस कापताना न्हाव्याला ठणकावून सांगितलं, मी माझ्या पदावर समाधानी आहे. तो म्हणाला, बरं, कल्ले किती ठेवू?

२४ मे
फोन आला!! व्हिटकॉम्ब यांचा वकील, पेल्टियर. इच्छुकांची तपासणी तोच करतो. एकशे शहाऐंशी प्रश्नांचा फॉर्म पाठवलाय. कर, आजारपणं, जुनी भांडणं, सगळं. रोजनिशी लिहिता का? ‘नाही’ लिहिलं.
शेवटचा प्रश्न, उमेदवाराला मान खाली घालावी लागेल असं तुमच्या हातून काही घडलंय का? तिथेही ‘नाही’. डोरीनने वाचलं, पोट धरून हसली आणि स्वतःच्या अक्षरात चार पानं जोडली. राज्याच्या जत्रेत लोण्यात कोरलेल्या गाईला मी टेकलो होतो, तेसुद्धा.

२९ मे
पेल्टियर येऊन गेला. माझ्याशी वीस मिनिटं बोलला, डोरीनशी दोन तास. स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज येत होते. जाताना म्हणाला, तुमच्या मिसेस भलत्याच तयारीच्या आहेत. म्हणजे मी पास.

१ जून, दुपारी ४.४५
पुन्हा गव्हर्नरपदाला उभं राहायचं तर अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. आमच्या राज्यात एका वेळी दोन पदांना उभं राहता येत नाही. अर्ज भरला तर व्हिटकॉम्ब म्हणणार, या माणसाला घाईच नाही. ट्वायला, म्हणजे माझी उपगव्हर्नर, तीन वेळा येऊन गेली. साहेब, हातची जागा सोडू नका हो, म्हणाली. बाई भाबडी आहे. चार वर्षांपूर्वी मी तिला जोडीला घेतलं कारण ती पश्चिम भागातली, आवाज घोगरा, माझ्यापुढे जायची भीती नाही. आत्ता म्हटलं, एवढी काळजी आहे तर तूच भर. ती घड्याळ बघून धावतच सुटली.

४.५५
भरला तिने. बिचारी सपाटून पडणार.

१७ जून
पेल्टियरचा फोन. उद्याच या. काळा चष्मा लावा, टोपी घाला, कोणाशी एक शब्द बोलू नका आणि हॉटेलात पुढच्या दारानेच शिरा. पुढच्याच, दोनदा बजावलं. नशीब उघडलं! डोरीनला म्हटलं, बॅग भर. म्हणाली, शाळा मंडळाची बैठक आहे, तुझी तू भर.

१८ जून, दुपारी २
कॅमेरेच कॅमेरे! एकाच वेळी पन्नास जणांनी विचारलं, तुम्हीच का? अखेर विचारलं, आणि मला बोलायची बंदी! सहाव्या मजल्यावर खोली दिलीय. थांबा म्हणालेत.

४ वाजता
टीव्ही लावला. व्हिटकॉम्ब एका निवृत्त ॲडमिरलचा हात धरून व्यासपीठावर उभ्या. निवेदिका सांगत होती, ॲडमिरलना हॉटेलच्या मागच्या दाराने, मुदपाकखान्यातून गुपचूप आत नेलं. तेवढा वेळ पत्रकारांना भलतीकडे गुंतवून ठेवलं होतं.
भलतीकडे म्हणजे मी.

६.१०
व्हिटकॉम्ब यांचा फोन. दीड मिनिट. तुमच्याशिवाय हे जमलंच नसतं, म्हणाल्या. मी म्हटलं, मी माझ्या पदावर समाधानी आहे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पद राहिलंय कुठे, जानेवारीपर्यंतच. मग रडलो. टॉवेल तोंडात धरून, कारण भिंती पातळ आहेत.

२ जुलै
सकाळी एका पुलाची फीत कापली. दोन म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी हात धरून ठेवला, या पुलासाठी वीस वर्षं वाट पाहिली म्हणाले. गाडीत बसलो आणि एकदम कळलं, हे काम मला आवडतं. मनापासून आवडतं. जगाला बजावत हिंडलो ते खरंच होतं की! ऐकायला तेवढा मीच हजर नव्हतो.
ट्वायला सगळ्या जनमत चाचण्यांत अकरा टक्क्यांनी पुढे. लोक म्हणे घोगऱ्या आवाजावर फिदा आहेत.

२० जुलै
ट्वायला आता उपगव्हर्नरपदासाठी आपला जोडीदार शोधतेय. पश्चिमेची आहे, तेव्हा पूर्वेकडचं कोणी हवं. ओळखीचं आडनाव हवं, आमच्या ऑस्ट्रँडरसारखं. वय साठच्या पुढचं. मी तिन्हींत बसतो. आपल्याच उपगव्हर्नरच्या हाताखाली जायचं म्हणजे थोडं खाली उतरणं आहे, पण राज्याच्या भल्यासाठी माणसाने मोठं मन दाखवावं. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान तुकवायची.

२६ जुलै
ट्वायला घरी आली. मी निळा कोट घालून दिवाणखान्यात तयारच होतो. साहेब, बसा बसा, म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी दाराशी उभा राहिलो.
डोरीनला म्हणाली, पूर्वेकडच्या, ऑस्ट्रँडर आडनाव, अठरा वर्षं शाळा मंडळ, लोक तुमचं नाव काढतात. उभ्या राहाल का माझ्या जोडीला? डोरीन म्हणाली, राहीन की. लगेच! आढेवेढे नाहीत, समाधान नाही, काही नाही. साधे नियम माहीत नाहीत या बाईला!
मग ट्वायलाने आवाज खाली आणला. विचारलं, साहेबांची काही अडचण नाही ना होणार?
डोरीन म्हणाली, छे गं, जानेवारीपासून तो घरीच आहे.